चेकपोस्ट झालं, दुसरं गेट झालं, मग कांद्याचा ट्रक अजून का अडकतो?

निफाडकडच्या एका तरुण व्यापाऱ्याने मला विचारलंय, त्याचा प्रश्न थोडक्यात असा की बांगलादेश बॉर्डरवर पेट्रापोलला एवढं मोठं चेकपोस्ट बांधलं, दुसरं गेट झालं, रेल्वेने पण माल जातो, दोन्ही सरकारांच्या बैठका होतात, करार होतात, मग आपला कांद्याचा ट्रक अजून बॉर्डरवर तीन-तीन चार-चार दिवस का उभा राहतो, आणि आता कोलकात्याच्या पार्टीला माल न देता मी स्वतःच एक्स्पोर्ट सुरू करावं का.

भाऊ, मी नाशिकहून बांगलादेशच्या मालाची कागदं करतोय त्याला २२ वर्षं झाली. कांदा तर आहेच, शिवाय द्राक्षं, आणि काही सीझन वरूड-मोर्शीकडचा संत्रा. त्यातली बरीच वर्षं वर्षातून तीन-चार महिने मी पेट्रापोलच्या अलीकडच्या बनगावलाच मुक्काम ठोकून असायचो. तेव्हा जे बघितलंय तेच सांगतो.

सरळ उत्तर आधी. सरकारांची कामं दोन प्रकारची असतात. एक, ज्याला दोन्ही देशांनी एकदाच हो म्हणायचं असतं, म्हणजे पूल, पाइपलाइन, विजेची लाइन, गेट. दुसरं, ज्याला दोन्ही देशांनी रोज हो म्हणायचं असतं, रोज सकाळी, प्रत्येक ट्रकला, सात-आठ टेबलांवर. कांदा या दुसऱ्या प्रकारात येतो. पहिल्या प्रकारात गेल्या दहा-बारा वर्षांत खरंच मोठी कामं झालीत आणि मी ती मनापासून मानतो, पण तुमचा ट्रक अडकतो तो दुसऱ्या प्रकारात, आणि तिथे अजून खूप बाकी आहे.

आता ट्रकसोबतच चला म्हणजे कळेल. तुमच्या खळ्यावरून गोण्या भरून ताडपत्री बांधून ट्रक निघाला की नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत साधारण दोन हजार किलोमीटर, चार ते पाच दिवस. इथपर्यंत रस्ता आता चांगला झालाय. खरी परीक्षा कोलकाता ओलांडल्यावर, बारासातपासून बनगावपर्यंतचा जेसोर रोड. दोन्ही बाजूंना शिरिषाची प्रचंड जुनी झाडं, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, भर दुपारी पण सावली, आणि खाली रस्ता एवढासा की समोरून एक बस आली तरी ड्रायव्हरला थांबून बाजू द्यावी लागते. त्यात मध्ये रेल्वेची फाटकं. तिथे उड्डाणपूल करायचे तर झाडं तोडावी लागणार म्हणून केस वर्षानुवर्षं कोर्टात चालली आणि शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुलांसाठी ३५६ झाडं तोडायला परवानगी दिली. मी त्या झाडांखाली खूप वेळा चहा प्यायलोय, ती तुटणार म्हटल्यावर वाईट मलाही वाटतं, पण मुद्दा हा की जमिनीवरून होणारा भारत-बांगलादेश व्यापार किमतीत धरला तर जवळपास ७० टक्के ज्या गेटातून जातो, वर्षाला ३० हजार कोटींच्या आसपास, त्या गेटाकडे जाणारा रस्ता असा आहे. गेट कितीही रुंद केलं तरी नळी अरुंदच.

त्यानंतर बनगावचं पार्किंग. तिथे आधी नंबर लागायचा तो चिठ्ठीवर, आणि गर्दीच्या दिवसांत ट्रक किती दिवस उभा राहील याचं उत्तर कोणाकडेच नसायचं, सूत आणि मशिनरीच्या पार्ट्यांचे ट्रक तर महिना महिना उभे राहिलेले मी पाहिलेत. २०२२ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने 'सुविधा' नावाची ऑनलाइन स्लॉट बुकिंगची सिस्टिम आणली, घरी बसून स्लॉट घ्यायचा, फी भरायची, त्या वेळेला ट्रक न्यायचा. फी वरून एक्स्पोर्टर लोकांनी बरीच ओरड केली, पण माझ्या मते त्याने फरक पडला, निदान तारीख कळायला लागली. आपल्या मालाला तारीख कळणं हे पैशापेक्षा मोठं असतं. कांद्यासारख्या नाशवंत मालाला प्राधान्य पण मिळतं, पण प्राधान्य म्हणजे लगेच असं धरून चालू नका.

मग चेकपोस्ट, म्हणजे इंटिग्रेटेड चेक पोस्ट, सगळे आयसीपी म्हणतात. हे लँड पोर्ट्स अथॉरिटीचं, म्हणजे सीमेवरची जमिनीवरची बंदरं बघणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेचं. अथॉरिटीचा कायदा २०१० चा, काम सुरू २०१२ ला, पहिलं आयसीपी त्याच वर्षी अटारीला झालं, आणि पेट्रापोलचं जुलै २०१६ मध्ये, दोन्ही पंतप्रधानांनी मिळून व्हिडिओवरून उद्घाटन केलेलं. मी त्याच्या आधीचं पेट्रापोल पण पाहिलंय. चिखल, पत्र्याच्या शेड, रस्त्यावरच उभे ट्रक, आणि त्याच गर्दीतून पासपोर्ट हातात धरून कोलकात्याला उपचाराला निघालेली बांगलादेशी माणसं, म्हातारी आई व्हीलचेअरवर आणि शेजारून १० चाकी चाललेला. ते बघितलेल्या माणसाला आताचं काँक्रीटचं यार्ड, वजनकाटा, गोदाम याची किंमत कळते. ऑगस्ट २०१७ पासून गेट चोवीस तास चालू झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीन प्रवासी टर्मिनल आणि मालासाठी वेगळं दुसरं गेट, मैत्री द्वार, सुरू झालं, आणि पुढच्याच महिन्यात पलीकडे बेनापोलला हजाराहून जास्त ट्रक मावतील असं नवीन टर्मिनल उघडलं. दोन्ही बाजूंनी जवळजवळ एका वेळी बांधलं गेलं हे महत्त्वाचं आहे, कारण आधी आपण मोठं केलं की पलीकडे जागा नाही, आणि पलीकडे जागा नसली की आपले ट्रक आपल्याच आवारात तुंबायचे.

पण चोवीस तास कोण? गेट चोवीस तास. टेबलं नाहीत. तुमच्या ट्रकला इकडे शिपिंग बिल, फायटो म्हणजे मालाला रोग-कीड नसल्याचा दाखला, कस्टम्सची लेट एक्स्पोर्ट ऑर्डर म्हणजे माल बाहेर जाऊ द्यायची परवानगी, गाडी पलीकडे न्यायचा कार पास, बीएसएफची गेटवरची नोंद, आणि तिकडे पोर्टाची एंट्री, वजन, प्लँट क्वारंटाइनवाल्यांचा सॅम्पल बघून शेरा, तिथल्या सीअँडएफ म्हणजे माल सोडवणाऱ्या एजंटने भरलेलं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, ड्युटी, आणि मग हमाल. यातला एक माणूस जागेवर नसला की बाकीचे जागे असून उपयोग नाही. त्यात तिकडे शुक्रवारची सुट्टी, आपल्याकडे रविवारची ढिलाई, ईद, दुर्गापूजा. आमच्या ऑफिसात भिंतीवर दोन कॅलेंडर असतात, एक आपलं आणि एक ढाक्याचं, आणि लासलगावातून ट्रक कधी सोडायचा ते या दोन्हीकडे बघून ठरतं. बुधवारी-गुरुवारी बॉर्डरला पोहोचेल असा ट्रक मी शक्यतो सोडतच नाही, गुरुवारी संध्याकाळी एक सही राहिली की शनिवार उजाडला.

दोन्ही देशांची कस्टम्सची कॉम्प्युटर सिस्टिम वेगळी, आपली आईसगेट, त्यांची असायकुडा. इकडे भरलेली माहिती तिकडे जशीच्या तशी जाऊन बसत नाही, तिकडचा माणूस परत टाइप करतो. गोण्यांचा आकडा, निव्वळ वजन, एक्स्पोर्टरच्या नावातलं एक अक्षर, काहीही चुकलं की दुरुस्तीचा अर्ज. माझा एक ट्रक एकदा फक्त याच्यावर दीड दिवस थांबला की आमच्या इन्व्हॉइसवर आणि तिकडच्या एलसीवर, म्हणजे पैशाची हमी देणाऱ्या बँकेच्या पत्रावर, कंपनीच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. चूक माझ्याच ऑफिसची होती. दोन सरकारांनी दुसरं काहीही न करता फक्त या दोन सिस्टिम एकमेकांशी बोलत्या केल्या तरी मला वाटतं ट्रकमागे निदान काही तास वाचतील, आणि याला ना जमीन लागते ना झाडं तोडावी लागतात.

आता पलीकडचं दृश्य सांगतो, हे तुम्ही स्वतः एकदा बघून याच. आपला ट्रक बेनापोलच्या यार्डात जातो आणि तिथेच संपतो. ड्रायव्हर-क्लिनरला कार पासवर पोर्टाच्या आवारापुरतंच जाता येतं, पुढे ढाक्याला आपली गाडी जात नाही. शेजारी बांगलादेशी ट्रक मागे मागे लावतात, मध्ये फळी, आणि हमाल एक एक गोणी डोक्यावरून या ट्रकातून त्या ट्रकात टाकतात. २५-२८ टन माल, ५० किलोची गोणी धरली तर पाचशेच्या वर गोण्या. निफाडला खळ्यावर पोरींनी हाताने निवडून भरलेला कांदा, एकसारखी साईज, चकचकीत पत्ती, आणि इथे प्रत्येक गोणी चार-पाच फुटांवरून आपटते. आपटलेला कांदा त्या दिवशी दिसत नाही, ढाक्याच्या श्यामबाजारात दोन दिवसांनी मऊ पडून दिसतो आणि मग पार्टीचा फोन येतो की दर कापा. पाऊस असला तर हमाल थांबतात, ताडपत्री परत टाकतात, परत काढतात.

ही गोणी-गोणी थांबावी म्हणून करार झालेला आहे. १५ जून २०१५ ला थिंफूला बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ चार देशांनी मोटर वाहन करार केला, एका देशाचा ट्रक दुसऱ्या देशात सरळ जाईल असा. भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने तो २०१६ मध्ये नाकारला, छोटा देश, बाहेरच्या गाड्यांची गर्दी आणि पर्यावरण याची भीती त्यांना वाटली, आणि ती मला खोटी वाटत नाही. मग भूतानशिवाय तिघांनी पुढे जायचं ठरलं, मार्च २०२२ मध्ये तिघांची परत बोलणी होऊन एक समझोत्याचा कागद झाला. ट्रायल झाल्या. पण तुम्ही-आम्ही वापरू शकू असं अजून काही हातात आलेलं नाही, कारण प्रश्न रस्त्याचा नाहीच, पलीकडच्या ट्रकमालकांच्या आणि हमालांच्या पोटाचा आहे, विमा कोणाचा, अपघात झाला तर पोलिस कोणाचे, ॲक्सल लोड कोणाच्या नियमाने, हे सगळं आहे. आपल्या ट्रकवाल्यांना तिकडे जायला आवडेल, पण त्यांचे ट्रक इकडे आले तर आपलेच लोक काय म्हणतील याचाही विचार करा.

आता पहिल्या प्रकारच्या कामांची तुलना करा. नेपाळला आधी पेट्रोल-डिझेल रक्सौलवरून टँकरने जायचं, लांबच लांब लायनी. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली आणि त्या टँकरांचा मोठा भार गेला. तसंच मार्च २०२३ मध्ये सिलिगुडीहून बांगलादेशात पार्बतीपूरला साधारण १३१ किलोमीटरची डिझेलची पाइपलाइन. २०१३ पासून बहरामपूर-भेडामारा लाइनने आपली वीज तिकडे जाते, आणि नेपाळची ४० मेगावॉट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशला द्यायचं पण झालं. यात एकदा सह्या झाल्या, मीटर बसले, की रोजचा माणूस लागत नाही. म्हणून सरकारांना हे जमतं, आणि म्हणूनच फोटो यांचे येतात.

पूल-रेल्वेत पण सगळं सोपं नसतं म्हणा. १९७५ मध्ये दोन्ही देशांच्या सीमा दलांनी ठरवलेलं की झिरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांत संरक्षणाच्या कामाचं काही बांधायचं नाही. त्यामुळे त्या पट्ट्यात साधं काही बांधायला घेतलं तरी समोरची बाजू हरकत घेऊ शकते. बांगलादेशने आखौरा-लाकसाम रेल्वे दुहेरी करायला घेतली तेव्हा कसबा आणि सालदानदी या दोन स्टेशनांचं काम आपल्या बाजूच्या हरकतीवरून बराच काळ थांबलं होतं. आगरतळा-आखौरा रेल्वे म्हणजे जेमतेम सव्वाबारा किलोमीटर, साडेपाच आपल्याकडे आणि पावणेसात त्यांच्याकडे, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये उद्घाटन होईपर्यंत किती वर्षं गेली. आणि त्रिपुरासाठी ती किती मोलाची आहे, आगरतळ्याहून कोलकात्याला आपल्याच देशातून सिलिगुडीवरून जायचं म्हणजे सोळाशे किलोमीटर, आणि बांगलादेशातलं चितगाव बंदर दोनशेच्या आसपास.

रेल्वेचं मला स्वतःला कौतुक आहे, आणि ते २०२० मुळे. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, पेट्रापोलवरून ट्रक बंद, एप्रिलअखेर झिरो लाइनवर माल उतरवायचा प्रयत्न झाला तोही स्थानिक लोकांच्या विरोधाने थांबला, ट्रक सुरळीत व्हायला जून उजाडला. इकडे उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत येऊन पडलेला. तेव्हा मध्य रेल्वेने नाशिक जिल्ह्यातल्या स्टेशनांवरून कांद्याच्या मालगाड्या भरून थेट बांगलादेशातल्या दर्शना नावाच्या स्टेशनला नेल्या. मालधक्क्यावर तोंडाला रुमाल बांधलेले हमाल, रात्रभर भराई, आणि आपल्या बाजूच्या गेदे स्टेशनवरून पलीकडे. ज्या लाइनवरून त्या गेल्या ती १८६२ ची, मुंबई-ठाणे सुरू झाल्यावर नऊच वर्षांनी झालेली, कोलकात्याहून कुष्टियाला जाणारी. देश दोन झाले तरी रूळ तेच राहिले आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडले. एका रेकमध्ये, म्हणजे एका पूर्ण मालगाडीत, ४२ वाघिणी, सोळाशे टनाच्या वर कांदा, म्हणजे साठेक ट्रक, आणि कागदं सगळ्या रेकची एकदाच. म्हणजे रोजचं हो म्हणणं साठ वेळा न होता एकदा होतं. फक्त रेक भरण्याएवढा माल एका व्यापाऱ्याकडे नसतो, चार-सहा जणांनी मिळून करावं लागतं, आणि तिकडे तेवढा माल एकदम उचलणारी पार्टी पाहिजे.

आता जे सांगतो ते सगळ्यात मनावर घ्या, कारण यात मी स्वतः होरपळलोय.

१४ सप्टेंबर २०२०, सोमवार. माझ्या एका पार्टीचे तीन ट्रक बंगालमधल्या एका बॉर्डरच्या पार्किंगला उभे होते, कागदं तयार, दुसऱ्या दिवशीचा नंबर. संध्याकाळी बातमी आली की कांद्याची निर्यात बंद. लगेच, त्याच क्षणापासून. ड्रायव्हर मामांचा फोन, शेठ गेट बंद झालं. भादव्यातली बंगालची हवा म्हणजे अंगावरचा शर्ट वाळत नाही, आणि माल होता चाळीतला, एप्रिलचा, पाच महिने झालेला. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. ताडपत्री मागून अर्धी उघडून ठेवलेली वारा लागावा म्हणून, पाऊस आला की परत ओढायची, मामा दोन रात्री झोपलेले नव्हते. मधल्या थरात हात घातला तर गोणी गरम लागली. खालच्या गोण्यांमधून पाणी गळून फाळक्याखाली काळा ओघळ आलेला, आणि वरच्या कांद्याला कोंब. नंतर सूट निघाली, पण नोटिफिकेशनच्या आधी ज्यांचा माल कस्टम्सच्या ताब्यात नोंदला गेला होता तेवढ्यालाच. तीनपैकी आमचा एक ट्रक त्यात बसला. बाकी दोन ट्रक निवडून जे चांगलं निघालं ते तिथल्याच बाजारात मिळेल त्या भावाने दिलं. हॉल्टिंग म्हणजे ट्रक थांबल्याचे पैसे, भाडं, हमाली वर. ज्या शेतकऱ्याचा माल होता त्याला पार्टीने पैसे दिले, पण दिवाळीनंतर, तेही हप्त्याने. तो माणूस अजून कांदा लावतो आणि अजून मला विचारतो, साहेब यावर्षी बंद करतील का.

हे एकदाच झालेलं नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी, ती मार्च २०२० मध्ये उठली. मग ही सप्टेंबरची, जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात ड्युटी, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर, ८ डिसेंबरला परत बंदी, मे २०२४ मध्ये उघडली ती ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांसह, सप्टेंबरमध्ये ड्युटी २० वर, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. शहरातल्या माणसाला कांदा महाग पडू नये हे मला पण समजतं, सरकारला तेही बघावंच लागतं. पण रात्रीत बंद करणं आणि पंधरा दिवस आधी सांगून बंद करणं यात एका ट्रकभर कांद्याचा फरक आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आलेल्या, तेव्हा त्यांनी भर सभेत हेच मागितलं होतं, बंद करायचं तर आधी सांगत जा, आणि आपल्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको सांगितलंय असंही म्हणाल्या होत्या. लोक हसले, पण मागणी रास्त होती. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांचे वाणिज्य मंत्री दिल्लीत भेटले तेव्हा बांगलादेशने कांदा, गहू, तांदूळ, साखर, डाळ अशा मालाला वर्षाचा ठरावीक कोटा मागितला, म्हणजे बंदी आली तरी तेवढा माल येत राहील. माझ्या मते सगळ्या करारांमध्ये नाशिकच्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त गरज कशाची असेल तर याची. तो झाला तर त्या कोट्यापुरती तरी तुमची गाडी अर्ध्या वाटेवर परत फिरणार नाही. मार्च २०२४ मध्ये बंदी असतानाच सरकार-सरकार पातळीवर ५० हजार टन बांगलादेशला द्यायचं ठरलं आणि रेल्वेने माल गेला पण, म्हणजे ठरवलं तर जमतं. फक्त ते दर वेळी विनंती करून नको, आधीच लिहिलेलं हवं.

आणि दोष एकाच बाजूला देऊ नका. तिकडे कांदा मागवायला कृषी खात्याचं इम्पोर्ट परमिट लागतं, सगळे आयपी म्हणतात. त्यांचा स्वतःचा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तेव्हा त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ते आयपी देणं बंद करतात. २०२३ मध्ये मार्चला बंद केलं ते ५ जूनला उघडलं. फरीदपूर-पाबनाचा शेतकरी पण आपल्यासारखाच, कर्ज काढून लावणारा, त्याला राग नको. पण तुम्हाला त्याचा अंदाज हवा. आपला उन्हाळ कांदा नेमका त्याच वेळी निघतो, त्यामुळे तेव्हा तिकडे गिऱ्हाईक नाही, आणि सप्टेंबरपासून गिऱ्हाईक येतं तेव्हा आपल्याकडे बंदीची भीती. या दोन खिडक्यांमधून धंदा करायचा आहे.

संत्र्याचं तर याहून वाईट झालं. २०१९ पासून चारच वर्षांत बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क चौपटीहून जास्त केलं, आणि वरूड-मोर्शीतून जे ट्रकच्या ट्रक जायचे ते आटले. त्यात गेट, रस्ता, यार्ड कशाचा दोष नाही, फक्त एक दर बदलला.

२०२५ मध्ये तर दोन्हीकडून दारं लागत गेली. ८ एप्रिलला आपण त्यांना दिलेली तिसऱ्या देशाला माल पाठवायची ट्रान्सशिपमेंट सवलत काढली, त्याच महिन्यात त्यांनी जमिनीच्या बंदरांवरून सूत घेणं थांबवलं, १७ मेला आपण त्यांचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातूनच घेणार म्हटलं, आणि जूनअखेर ज्यूटचा माल फक्त न्हावाशेवातून. म्हणजे बेनापोलला भरलेला जो माल तासाभरात बनगावला यायचा, तो चितगावहून बोटीत बसून श्रीलंकेला वळसा घालून उरणला. काँक्रीट तेच, गेट तेच, मैत्री द्वार उघडून सातच महिने झालेले.

आता तुमचा प्रश्न, सुरू करावं का. करा, पण असं करा.

पहिल्या वर्षी बांगलादेशकडे तुमच्या एकूण मालाच्या चौथाईपेक्षा जास्त पाठवू नका. पहिल्या दोन-तीन खेपा कोलकात्याच्या पार्टीसोबतच करा आणि सोबत स्वतः जा, पार्किंगपासून बेनापोलच्या धक्क्यापर्यंत सगळ्या टेबलांवरच्या माणसांची तोंडओळख करून घ्या. एलसी हातात आल्याशिवाय गोणी भरू नका, उधारीवर तर अजिबात नको, तिकडे डॉलरची टंचाई झाली की बँकाच पैसे अडवतात आणि समोरचा माणूस चांगला असूनही तुमचे पैसे अडकतात. एकाच गेटावर अवलंबून राहू नका, बंगालमधल्याच घोजाडांगा, महदीपूर, हिली या बॉर्डरवरूनही कांदा जातो, आणि कधी कधी पेट्रापोलपेक्षा लवकर जातो, पण एलसी आणि आयपीवर पोर्टाचं नाव कोणतं लिहिलंय ते बघा, ट्रक निघाल्यावर पोर्ट बदलायला जाल तर दोन दिवस तिथेच जातील. सप्टेंबरनंतर चाळीतला जुना माल असेल तर तो तिकडे पाठवूच नका, देशातच विका, बॉर्डरला फक्त टिकणारा, कोरडा, मान वाळलेला माल. जाळीची गोणी महाग पडली तरी तीच घ्या. आणि ड्रायव्हरला हॉल्टिंगचे पैसे निघतानाच अर्धे द्या, चार दिवस ताडपत्री वर-खाली करणारा माणूस तोच आहे.

कस्टम्समध्ये माल लवकरात लवकर नोंदवून घ्या. उद्या परत काही झालं तर त्या नोंदीच्या तारखेवरच तुमचा ट्रक आत की बाहेर ते ठरेल, आमचा एक वाचला तो त्याच्यामुळेच.

पहिल्या खेपेची कागदं मला दाखवा, पैसे नको. फक्त ट्रक खळ्यावरून हलायच्या आधी दाखवा. आयपीची मुदत, एलसीवरचं स्पेलिंग आणि पोर्टाचं नाव, या तीन गोष्टी मी आधी बघेन, मग बाकीचं.